दोन पेपरांत गुंडाळलेला कामगार कायदा

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता लागू केल्या आणि २९ केंद्रीय कायद्यांची जागा त्यांनी घेतली. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, १९४८ चा कारखाने कायदा, १९७० चा कंत्राटी कामगार कायदा, १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा; विधी महाविद्यालयांत कामगार कायदा म्हणून जे शिकवले जाते त्यातले जवळजवळ सगळे या यादीत होते. अशा वेळी पहिली धावपळ होते ती कलमांच्या नव्या क्रमांकांची. कुठले जुने कलम कुठल्या नव्या कलमात गेले याचे तक्ते होतील, गाइडे नव्याने छापली जातील आणि दोन-तीन परीक्षांनंतर सारे स्थिरस्थावर झाल्यासारखे वाटेल. पण कलमांचे क्रमांक हा या विषयातला सर्वांत स्वस्त माल आहे. कामगार कायदा ही विशेष अभ्यासाची शाखा म्हणून आपल्याकडे नीट उभीच राहिली नाही, आणि ती उभी करायची तर आजच्याइतकी सोयीची वेळ पुन्हा येणार नाही. जुनी वही फाटलीच आहे, तर नवी जुन्याच साच्यात का शिवायची?

आज काय शिकवले जाते ते आधी पाहू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार एलएलबीला ‘लेबर अँड इंडस्ट्रियल लॉ’चे दोन पेपर सक्तीचे आहेत. म्हणजे विषय दुर्लक्षित आहे असे कागदोपत्री कुणाला म्हणता येणार नाही. पण सक्तीच्या पेपरात एका सत्रात आठ-दहा कायदे कोंबलेले असतात. पहिल्या तासाला व्याख्या, दुसऱ्याला कामाचे तास, तिसऱ्याला दंड. दुसऱ्या टोकाला पदविका आहेत. पुण्याच्या विद्यापीठाची कामगार कायदे आणि कामगार कल्याण ही पदविका किंवा परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेतले अभ्यासक्रम यांना वर्षानुवर्षे मागणी आहे, आणि त्यामागे ठोस कारण आहे. कारखाने कायद्याच्या कलम ४९ नुसार ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक होते, आणि त्या पदासाठी कोणत्या पदव्या चालतील हे राज्य सरकार ठरवत असे. नव्या संहितेने ही मर्यादा २५० वर आणली आहे, त्यामुळे मागणी घटायचे कारण नाही. पण या पदविका मुळात ‘पर्सोनेल’ खात्यातल्या माणसासाठी घडवलेल्या आहेत. रिटर्न कधी भरायचे, रजिस्टर कोणते ठेवायचे, इन्स्पेक्टर आला तर काय दाखवायचे. हे ज्ञान उपयोगी आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र या दोन टोकांच्या मधला भाग, म्हणजे कोर्टात पुरावा कसा उभा राहतो, मागणीपत्राचा करार कसा होतो, कायदा मुळात कुणाला आपला मानतो आणि कुणाला बाहेर ठेवतो, तो फारसा कुणीच शिकवत नाही.

हे असे का झाले याचे एक उत्तर कायद्याच्या पोटातच आहे. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३६ ने समझोत्याच्या कार्यवाहीत वकिलाला सरळ मज्जाव केला, आणि लेबर कोर्टात किंवा न्यायाधिकरणात उभे राहायचे तर समोरच्या पक्षाची संमती आणि कोर्टाची परवानगी या दोन्ही अटी घातल्या. हेतू चांगला होता. गिरणी मालकाकडे बॅरिस्टर आणि कामगाराकडे जेमतेम सही करता येणारा युनियनचा माणूस, अशी विषम लढत होऊ नये. पुढे मालकांच्या संघटनांनी वकिलांनाच पदाधिकारी करून त्या वाटेने आत आणायला सुरुवात केली, आणि १९७६ मध्ये पारादीप पोर्ट ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वाट वैध ठरवली. तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते. या क्षेत्राचे जाणकार तयार झाले ते युनियनच्या कचेरीत, लेबर ऑफिसरच्या टेबलाशी आणि पुढे कन्सल्टंटांच्या केबिनमध्ये. विधी महाविद्यालयाच्या दृष्टीने हा कायदा वकिलाच्या हक्काचा नव्हता, त्यामुळे तो पोटतिडकीने शिकवण्याचा विषयही झाला नाही. जिथे आपल्याला प्रवेशच अटींवर आहे तिथल्या वाटा कोण गिरवणार? हे माझे अनुमान आहे. अभ्यासक्रमाच्या इतिहासाला इतरही कारणे असतील. पण दिवाणी आणि फौजदारी कायद्याच्या पेपरांना असलेली प्रतिष्ठा या पेपरांना कधी मिळाली नाही, एवढे खरे.

गंमत अशी की मुंबई प्रांताच्या कायद्याच्या परंपरेत हा विषय मुळीच दुय्यम नव्हता. डॉ. आंबेडकर १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि १९३८ मध्ये प्रांतिक सरकारने संपाच्या हक्कावर बंधने घालणारे औद्योगिक विवाद विधेयक आणले तेव्हा त्याविरुद्ध ७ नोव्हेंबरला झालेल्या संपाच्या पुढाऱ्यांत ते होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजात शिकलेले न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि पन्नास-साठच्या दशकांत औद्योगिक कायद्याचे पायाभूत निकाल लिहिणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी राहिले. सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाल्यावर पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. कायद्याच्या सर्वोच्च प्रज्ञेला हा विषय लहान वाटला नव्हता.

दिवाळी अंकात लिहितो आहोत तर बोनसचेच उदाहरण घेऊ. दिवाळीच्या तोंडावर मिळणारी ही रक्कम मालकाची खुशी की कामगाराचा हक्क, या प्रश्नाला आकार आला तो मुंबईच्या कापडगिरण्यांच्या वादात. १९५० मध्ये लेबर अपिलेट ट्रायब्युनलने गिरणी मालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्यातल्या प्रकरणात ‘फुल बेंच फॉर्म्युला’ म्हणून प्रसिद्ध झालेले सूत्र मांडले. नफ्यातून आधी घसारा वजा करायचा, यंत्रसामग्रीच्या नूतनीकरणाची तरतूद करायची, भरणा झालेल्या भांडवलावर ६ टक्के आणि खेळत्या भांडवलावर त्याहून कमी दराने परतावा काढायचा. मग जे उरेल त्यात कामगारांचा वाटा. पुढे मेहेर यांच्या अध्यक्षतेखालील बोनस आयोग आला, १९६५ चा बोनस कायदा आला, आणि किमान बोनस पुढे ८.३३ टक्क्यांवर स्थिरावला. आज परीक्षेत विद्यार्थी ८.३३ हा आकडा लिहितो आणि गुण मिळवतो. पण त्या आकड्याच्या आधी पंधरा वर्षे ताळेबंदांवर झालेले युक्तिवाद, नूतनीकरणाच्या नावाखाली किती रक्कम बाजूला काढू द्यायची यावरची झटापट, हे त्याने वाचलेले नसते. कंपनीचा ताळेबंद वाचता न येणारा वकील वाटाघाटीच्या टेबलावर फक्त शोभेला बसतो. औद्योगिक विवाद कायद्याखाली समझोता अधिकाऱ्यासमोर झालेला ‘१२(३)चा करार’ सर्व कामगारांना बांधत असे आणि आपसात झालेला ‘१८(१)चा करार’ फक्त सही करणाऱ्यांना, हा फरक औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही जुन्या युनियन प्रतिनिधीला तोंडपाठ असतो. पदवीधराला तो कलमांसकट सांगता येईल, पण एखाद्या मागणीपत्रातून प्रत्यक्ष करारापर्यंत जायचे कसे हे त्याला कुणी एकदाही करून दाखवलेले नसते.

पुराव्याचेही तसेच. ‘२४० दिवस’ हे शब्द महाराष्ट्रातल्या प्रत्येक टेम्पररी कामगाराला ठाऊक आहेत. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की छाटणीपूर्वी नोटीस आणि नुकसानभरपाईचा हक्क येतो, म्हणून तर २४० भरायच्या आत ‘ब्रेक’ देण्याची रीत पडली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले की हे दिवस भरले असे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रथम कामगाराची. नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही. आता मस्टर कंपनीच्या ताब्यात, पगारपत्रक ठेकेदाराच्या खिशात, नेमणूकपत्र मुळात दिलेलेच नाही. मग सिद्ध कसे करायचे? भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, ईएसआयचे कार्ड, गेटपास, बँकेतल्या नोंदी, सुपरवायझरचे व्हॉट्सॲपवरचे निरोप. आणि कंपनीकडून मस्टर हजर करवून घेण्याचा अर्ज, तोही वेळेत. पुरावा कायद्याचा पेपर देऊन आलेल्या विद्यार्थ्याला या परिस्थितीत काय करायचे ते सुचत नाही, कारण त्याने पुरावा कायदा शिकला तो खून आणि खरेदीखताच्या उदाहरणांवर. खातेनिहाय चौकशीची तीच गत. चार्जशीट कशी असावी, साक्षीदाराची उलटतपासणी नाकारली तर चौकशी कुठे कोसळते, चौकशी योग्य ठरूनही शिक्षा अवाजवी असेल तर कोर्ट काय करू शकते, या गोष्टी व्याख्यानाने येत नाहीत. त्या जुन्या चौकशीचे संपूर्ण कागद समोर ठेवूनच शिकाव्या लागतात.

पण या सगळ्यापेक्षा खोल प्रश्न एकच: कामगार कोण? १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ‘उद्योग’ या संकल्पनेचा पैस इतका वाढवला की शाळा, रुग्णालये, संस्था सारे त्यात आले. दहा वर्षांनी गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शाळा उद्योग असली तरी शिक्षक मात्र ‘कामगार’ नव्हे, कारण शिकवणे हे कायद्यातल्या शारीरिक, कारकुनी किंवा तांत्रिक अशा कुठल्याच कामात बसत नाही. म्हणजे शाळेचा शिपाई आणि कारकून लेबर कोर्टात जाऊ शकत होता, शिक्षिका जाऊ शकत नव्हती. १९९४ मध्ये घटनापीठाने औषध कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींनाही या व्याख्येबाहेर ठेवले. त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला होता तो उगाच नव्हे. अंगणवाडी सेविका ‘मानसेवी’ आणि त्यांना मिळते ते ‘मानधन’, या भूमिकेवर सरकार वर्षानुवर्षे ठाम राहिले, तेव्हा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की त्यांना ग्रॅच्युइटी लागू आहे. देशातल्या श्रमिकांपैकी दहातले जवळपास नऊ असंघटित क्षेत्रात आहेत असे आपण सहज बोलून जातो. कायद्याच्या भाषेत याचा अर्थ असा की बहुतेक काम करणाऱ्यांच्या बाबतीत वादाचा पहिला मुद्दा पगाराचा नसून दाराचा असतो: हा माणूस या कोर्टाच्या दारात उभा राहू शकतो का? विशेष अभ्यासक्रमाचा कणा हा प्रश्न असायला हवा, आणि सध्याच्या अभ्यासक्रमात त्याला ‘व्याख्या’ नावाचा एक तास मिळतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की संहितांनी हे सारे सोपे केले आहे. २९ कायद्यांचे चार झाले, मग खास अभ्यास कशाला? एका जिल्ह्यातल्या लेबर कोर्टाचे उदाहरण घ्या. औद्योगिक संबंध संहितेत लेबर कोर्टे नाहीत. एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य असलेली न्यायाधिकरणे आहेत. बडतर्फीविरुद्ध दाद मागण्याची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आली. छाटणीसाठी आणि आस्थापना बंद करण्यासाठी सरकारी परवानगीची अट १०० ऐवजी ३०० कामगारांच्या आस्थापनांपासून लागू होते. देखरेखीचे काम करणारा १८,००० रुपयांपर्यंत पगार असेल तरच कामगार. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला आता कायद्याची मान्यता आहे आणि तिथे एका वर्षात ग्रॅच्युइटी लागू होते. यातल्या प्रत्येक बदलाबरोबर अनिश्चिततेचा एक नवा पट्टा तयार होतो, आणि जुन्या निकालांपैकी कोणते टिकतात हे एकेका प्रकरणात नव्याने भांडावे लागेल.

महाराष्ट्रात तर गुंता दुहेरी आहे. १९७१ चा एमआरटीयू अँड पीयूएलपी कायदा, म्हणजे युनियनना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथा रोखणारा कायदा, हा राज्याचा. केंद्राने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत तो नाही. अनुचित कामगार प्रथेविरुद्ध कामगाराला थेट कोर्टात जाता येईल, सरकार वाद कोर्टाकडे सोपवेपर्यंत वाट पाहावी लागणार नाही, ही या कायद्याची मोठी देणगी. त्याच्या चौथ्या परिशिष्टातला ‘आयटम ६’, म्हणजे माणसांना वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी म्हणून राबवून कायमपणाच्या हक्कांपासून दूर ठेवणे, हा महाराष्ट्रातल्या कायमपणाच्या असंख्य दाव्यांचा आधार राहिला आहे. २००६ च्या उमादेवी निकालाने सरकारी सेवेतल्या मागच्या दाराच्या नेमणुका कायम करण्याला लगाम घातल्यावर हा आधार गेला असे अनेकांना वाटले. २००९ मध्ये एसटी महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की औद्योगिक न्यायालयाचे या कायद्याखालचे अधिकार उमादेवीने संपत नाहीत. आता संहितेतही अनुचित प्रथांची यादी आहे. कामगार हा विषय समवर्ती सूचीतला. केंद्र आणि राज्याचे कायदे एकमेकांना छेद देतात तिथे राज्यघटनेचे अनुच्छेद २५४ उभे राहते. चाकणचा एखादा टेम्पररी कामगार उद्या कुठल्या दाराशी जाईल आणि कोणत्या मुदतीत जाईल, हा घटनात्मक कायद्याचा प्रश्न झाला आहे. सोपे झाले म्हणणाऱ्यांनी हा एक दावा मांडून पाहावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: गिरण्या गेल्या, युनियन गेल्या, मग हा अभ्यास कुणासाठी? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि हरले, ही जखम मुंबईच्या बोलण्यात अजून आहे. त्या संपाकडे पगाराचा लढा म्हणून पाहिले जाते, पण त्याच्या मुळाशी एक कायदा होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका ‘प्रातिनिधिक युनियन’ला वाटाघाटीचा एकाधिकार दिला होता, आणि कामगारांचा विश्वास उडालेल्या युनियनला त्या गादीवरून हटवण्याची सोपी सोय त्यात नव्हती. तो कायदा रद्द करा ही संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या मागण्यांतली एक होती. नव्या संहितेत ५१ टक्के सदस्यत्वाच्या युनियनला एकमेव वाटाघाटी युनियन मानण्याची तरतूद आहे. विश्वास उडाल्यावर काय, हा १९८२ चा प्रश्न तिलाही विचारायलाच हवा, आणि तो विचारणारा विद्यार्थी गिरणगावाचा इतिहास वाचूनच तयार होईल. युनियन क्षीण झाल्या हे खरे. त्यामुळे कायद्याची गरज कमी होते की वाढते? ज्याच्या पाठीशी संघटना नाही त्याला वकिलाखेरीज आहे कोण?

शिवाय रोजगाराचा कायदा कारखान्याच्या फाटकाशी थांबत नाही. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. हिंजवडीत किंवा ऐरोलीत बसणाऱ्या आणि स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला संकोचणाऱ्या मंडळींच्या आयुष्याशी याचा थेट संबंध आहे. ‘कामगार’ या व्याख्येतून बाहेर पडल्याची किंमत अशी की त्यांच्यासाठी उरतो तो १८७२ चा करार कायदा, जो दोन्ही पक्ष बरोबरीचे आहेत असे गृहीत धरतो. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरचा एक सदस्य लागतो. तिथेही चौकशीची शिस्त जाणणारे लोक हवेत.

उरतो पैशाचा मुद्दा, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. या वकिलीत ‘मॅनेजमेंट साइड’ आणि ‘युनियन साइड’ अशा दोन बाजू पिढ्यानपिढ्या आहेत, आणि जास्त पैसा पहिल्या बाजूला आहे. चांगल्या अभ्यासक्रमाने तयार केलेले विद्यार्थी मोठ्या लॉ फर्ममध्ये जाऊन छाटणीचे कागद अधिक बिनचूक करतील, एवढेच होईल, असे कुणी म्हणाले तर ते अगदीच खोटे नाही. पण कंपनीच्या बाजूने बसलेला जाणकार वकीलही चौकशी नियमाने चालवायला लावतो आणि निम्मे अन्याय तिथेच अडतात. दुसऱ्या बाजूसाठी कायद्याने एक दार उघडे ठेवलेले आहे, ज्याचा उपयोग महाविद्यालये फार थोडा करतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत कायदेशीर मदतीला पात्र असलेल्यांत औद्योगिक कामगाराचा स्वतंत्र उल्लेख आहे. महाविद्यालयांना विधी सहाय्य केंद्र चालवावेच लागते. ते केंद्र औद्योगिक वसाहतीच्या बसथांब्याजवळ आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडले, तर पीएफची थकबाकी, न दिलेला ओव्हरटाइम आणि ग्रॅच्युइटीचे अर्ज यांतून विद्यार्थी जे शिकेल ते कुठल्याही गाइडात छापता येणारे नाही.

आणि मग पुढचे काम आहे कायदा रचण्याचे. १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्राने केला तेव्हा प्रश्न आजच्यासारखाच होता. हमाल एका दिवशी पाच व्यापाऱ्यांचा माल उचलतो, मग त्याचा मालक कोण? अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या त्या कायद्याने मालक शोधण्याचा नाद सोडून दिला. सरकार, व्यापारी आणि कामगार यांचे बोर्ड नेमले, हमालीवर लेव्ही बसवली, आणि भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार त्या लेव्हीतून उभा केला. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी केलेला कायदाही बोर्ड आणि प्रत्येक व्यवहारावरचे शुल्क याच वाटेने गेला. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेने ॲग्रिगेटर कंपन्यांवर वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणी ठेवली आहे, तीही कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. म्हणजे जिथे कामगाराला कमी दिले जाते तिथे वर्गणीही कमी. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उबरचे चालक ‘वर्कर’ आहेत असा निकाल दिला तो व्याख्येच्या रस्त्याने. माथाडीचा रस्ता वेगळा आहे, आणि तो आपल्याकडे पन्नास वर्षे चालून पाहिलेला आहे, त्याच्या खाचखळग्यांसकट. बोर्डांतली राजकीय घुसखोरी, बोगस माथाडींच्या तक्रारी, लेव्ही चुकवण्याच्या क्लृप्त्या या सगळ्याचे कागद उपलब्ध आहेत. एकाच वेळी दोन ॲपवर लॉग-इन असलेल्या डिलिव्हरी करणाऱ्या मुलाच्या ऑर्डरीवरची लेव्ही कुणी भरायची, ऑर्डर रद्द झाली तर तिचे काय, आणि अपघात दोन ऑर्डरींच्या मधल्या वेळात झाला तर दावा कुणावर टाकायचा, याचा मसुदा तिसऱ्या वर्षाच्या वर्गात लिहायला द्यायला हरकत नाही. तो लिहिताना विद्यार्थ्याला १९६९ चे नियम उघडावे लागतील, आणि त्यासाठी त्याच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते असावे लागतील.